मॅक्रोतली कमिटची जागा

एका संध्याकाळी बॅकअप सर्व्हरवर ६४ नवी यंत्रे नोंदवायची होती. प्रत्येक यंत्रासाठी दोन कमांड लागणार होत्या: ‘रजिस्टर नोड’ने यंत्राची नोंद करायची आणि ‘डिफाइन असोसिएशन’ने ते रात्रीच्या शेड्यूलला जोडायचे. १२८ कमांड हाताने टाइप करताना चुका होणार हे उघड होते, म्हणून मी त्या सगळ्या एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून काढल्या आणि टिवोली स्टोरेज मॅनेजर या आयबीएमच्या बॅकअप सॉफ्टवेअरच्या प्रशासकीय प्रॉम्प्टवर ‘मॅक्रो’ या शब्दापुढे त्या फाइलचे नाव देऊन ती चालवली. स्क्रीनवर ओळी सरकू लागल्या. एएनआर२०६०आय, म्हणजे अमुक नोड (सर्व्हरच्या लेखी यंत्र) अमुक पॉलिसी डोमेनमध्ये (बॅकअपचे समान नियम असलेल्या नोडांच्या गटात) नोंदवला गेला, हा संदेश एकामागून एक ४० वेळा आला आणि ४१ व्या यंत्रापाशी मॅक्रो थांबला, कारण त्या नावाचा नोड सर्व्हरवर आधीपासूनच होता.

पहिली ४० यंत्रे झाली असे मी गृहीत धरले. त्यांच्या आणि त्या ४१ व्या यंत्राच्या ओळी फाइलमधून काढून टाकल्या, उरलेल्या २३ यंत्रांची फाइल पुन्हा चालवली, ती विनाअडथळा पार पडली आणि मी काम संपवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘क्वेरी इव्हेंट’ने रात्रीचा हिशेब मागितला, तेव्हा नव्या यंत्रांपैकी फक्त २३ नावे दिसली. बाकीच्या ४० यंत्रांचा बॅकअप अयशस्वी ठरला असेही नव्हते. सर्व्हरच्या लेखी ती यंत्रे अस्तित्वातच नव्हती.

याचे कारण मॅक्रोच्या मूळ स्वभावात आहे. प्रशासकीय प्रोग्राम, म्हणजे डीएसएमएडीएमसी, काही वेगळे न सांगता चालवला असेल, तर संपूर्ण मॅक्रो हा एकच व्यवहार मानला जातो. सगळ्या कमांड यशस्वी झाल्या तरच त्यांचे बदल सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये कायम होतात. मध्येच एखादी कमांड फसली, तर सर्व्हर मॅक्रो तिथेच थांबवतो आणि शेवटच्या ‘कमिट’पासून, म्हणजे बदल कायम करणाऱ्या कमांडपासून, पुढे झालेले सगळे बदल मागे घेतो. माझ्या फाइलमध्ये एकही ‘कमिट’ नव्हता, त्यामुळे मागे घेण्याची हद्द थेट पहिल्या ओळीपर्यंत पोहोचली. स्क्रीनवर आलेले ४० यशाचे संदेश खोटे नव्हते. ते त्या क्षणापुरते खरे होते, आणि नंतर ते मागे घेतले गेले. संदेश वाचून काम झाले असे मानायचे नाही, डेटाबेसला पुन्हा विचारून खात्री करायची, ही सवय मला त्या सकाळी लागली.

हे उत्पादन १९९३ मध्ये एडीएसएम या नावाने आले, १९९९ मध्ये टिवोली स्टोरेज मॅनेजर झाले, २०१५ मध्ये स्पेक्ट्रम प्रोटेक्ट आणि २०२३ मध्ये स्टोरेज प्रोटेक्ट. नावे बदलली, खालचा डेटाबेसही २००९ च्या ६.१ आवृत्तीपासून डीबी२ झाला, परंतु मॅक्रो लिहिण्याची रीत जवळपास तशीच राहिली आहे. म्हणून आज नव्याने शिकणाऱ्यालाही तिचे मूलभूत घटक नीट समजून घेणे उपयोगाचे आहे. घटक थोडेच आहेत: कमांड, शेरे (वाचणाऱ्यासाठीच्या टिपा), ओळ पुढे चालू ठेवण्याचे चिन्ह, बदलती मूल्ये, आणि ‘कमिट’ व बदल मागे घेणारा ‘रोलबॅक’ ही जोडी.

शेरा तिरपी रेघ आणि तारा यांनी उघडतो आणि तारा व तिरपी रेघ यांनी बंद होतो. तो एका ओळीतून दुसऱ्या ओळीत वाहू शकत नाही. शेरा तीन ओळींचा असेल तर तिन्ही ओळींवर उघडण्याची आणि मिटण्याची खूण द्यावी लागते. सी भाषेची सवय असलेले लोक इथे हमखास अडखळतात. लांब कमांड पुढच्या ओळीवर न्यायची असेल, तर ओळीच्या अगदी शेवटी संयोगचिन्ह किंवा उलटी तिरपी रेघ द्यायची. मी प्रत्येक पॅरामीटर स्वतंत्र ओळीवर लिहिते, कारण सहा महिन्यांनी फाइल उघडल्यावर लांबलचक एका ओळीतले ‘डोमेन’ आणि ‘काँटॅक्ट’ डोळ्यांना चटकन वेगळे दिसत नाहीत.

बदलत्या मूल्यांची व्यवस्था साधी आहे. फाइलमध्ये टक्क्याचे चिन्ह आणि त्याला लागून अंक लिहायचा, आणि मॅक्रो चालवताना फाइलच्या नावापुढे त्याच क्रमाने मूल्ये द्यायची. टक्के-एक म्हणजे पहिले मूल्य, टक्के-दोन म्हणजे दुसरे. एकच मूल्य फाइलमध्ये कितीही वेळा वापरता येते, आणि नोड नोंदवण्याच्या मॅक्रोचा खरा फायदा तिथेच आहे: ‘रजिस्टर नोड’मध्ये जे नाव गेले तेच ‘डिफाइन असोसिएशन’मध्ये जाते, त्यामुळे एका ठिकाणी बरोबर आणि दुसऱ्या ठिकाणी एक अक्षर चुकलेले असे होत नाही. मात्र फाइलमध्ये टक्के-एकभोवती अवतरणचिन्हे घालता येत नाहीत. मूल्यात मोकळी जागा असेल, उदाहरणार्थ संपर्कासाठी विभागाचे दोन शब्दांचे नाव, तर मूल्य देतानाच ते अवतरणात द्यावे लागते.

याच टक्क्याच्या चिन्हाचा आणखी एक सापळा आहे, आणि तो चटकन लक्षात येत नाही. डेटाबेसला प्रश्न विचारणाऱ्या ‘सिलेक्ट’ विधानात ‘लाइक’सोबत टक्क्याचे चिन्ह ‘कोणताही मजकूर’ या अर्थाने वापरतात. ज्यांच्या नावात २ हा अंक आहे असे नोड शोधायला कोणी टक्का, दोन, टक्का असे लिहितो. प्रॉम्प्टवर ते बरोबर चालते. तेच विधान मॅक्रोत टाकले की टक्का आणि त्याला चिकटलेला अंक यांचा अर्थ ‘दुसरे मूल्य’ असा होतो आणि शोध भलतीकडेच जातो. विधान तेच, अर्थ वेगळा. प्रॉम्प्टवर तपासलेली ओळ मॅक्रोत गेल्यावर आहे तशीच वागेल असे धरून चालू नये, ते यासाठी.

पासवर्डबद्दलही इथेच सांगते. नोडचा पासवर्ड मॅक्रोच्या फाइलमध्ये लिहून ठेवला की ती फाइल ज्याला वाचता येते त्याला तो मिळतो, आणि अशा फाइली पुढे वर्षानुवर्षे कुठल्या तरी फोल्डरमध्ये पडून राहतात. तो बदलते मूल्य म्हणून द्यावा. मात्र डीएसएमएडीएमसीच्याच ओळीवर तो लिहिला तर तो शेलच्या हिस्टरीत, म्हणजे टाइप केलेल्या कमांडींच्या नोंदीत, उरतो, म्हणून मी आधी प्रशासकीय प्रॉम्प्टमध्ये शिरते आणि तिथून मॅक्रो चालवते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. त्या सकाळनंतर मला पहिला सल्ला असा मिळाला की ‘आयटमकमिट’ हा पर्याय देऊन डीएसएमएडीएमसी सुरू करावा, म्हणजे प्रत्येक कमांड झाल्या झाल्या कायम होईल आणि ४० यंत्रे हातची जाणार नाहीत. सल्ला चुकीचा नव्हता, परंतु थोडा विचार केल्यावर तो मला पटला नाही. समजा ‘रजिस्टर नोड’ यशस्वी झाला, तो लगेच कायम झाला, आणि पुढची ‘डिफाइन असोसिएशन’ शेड्यूलचे नाव चुकल्यामुळे फसली. आता त्या यंत्राची नोंद आहे, त्याचा क्लायंट सर्व्हरशी व्यवस्थित बोलतो, हाताने बॅकअप घेतला तर तोही होतो. फक्त रात्री त्याला कोणी हाक मारत नाही. जे यंत्र नोंदवलेच नाही ते निदान पहिल्याच जोडणीला तक्रार करते. अर्धवट नोंदवलेले यंत्र काहीच तक्रार करत नाही, आणि त्याचा बॅकअप नाही हे कळते ते एखाद्याने हरवलेली फाइल परत मागितल्यावर.

म्हणून ‘कमिट’ प्रत्येक कमांडनंतरही नको आणि फक्त शेवटीही नको. तो प्रत्येक यंत्राच्या दोन कमांडींनंतर हवा. नोंद आणि जोडणी या दोन मिळून एक पूर्ण गोष्ट होते. ती पूर्ण झाली की कायम करायची, अपुरी राहिली की तेवढीच मागे घ्यायची. अशा मॅक्रोत ४१ वे यंत्र अडले, तर पहिली ४० शाबूत राहतात, ४१ व्याचा अर्धवट भाग उरत नाही, आणि दुरुस्ती करून ४२ व्यापासून पुढे जाता येते. यासाठी डीएसएमएडीएमसी ‘आयटमकमिट’शिवाय चालू असणे आवश्यक आहे, नाहीतर मॅक्रोत लिहिलेल्या ‘कमिट’ला काही अर्थच उरत नाही.

‘प्रत्येक दोन कमांडींनंतर कमिट’ हा नियम म्हणून मात्र कोणी पाठ करू नये, कारण दुसऱ्या कामात त्याच जागी ‘कमिट’ घातला तर नुकसान होते. नवे पॉलिसी डोमेन उभे करण्याचे काम घ्या. त्यात ‘डिफाइन डोमेन’, ‘डिफाइन पॉलिसीसेट’, ‘डिफाइन एमजीएमटीक्लास’, ‘डिफाइन कॉपीग्रुप’, ‘असाइन डेफएमजीएमटीक्लास’, ‘व्हॅलिडेट पॉलिसीसेट’ आणि ‘ॲक्टिव्हेट पॉलिसीसेट’ अशा सात पायऱ्या याच क्रमाने येतात. डोमेनमध्ये पॉलिसीसेट, त्यात मॅनेजमेंट क्लास, आणि त्यात फाइलींच्या आवृत्त्या किती व किती दिवस ठेवायच्या हे सांगणारा कॉपीग्रुप, अशी ही रचना आहे. डोमेन नसेल तर पॉलिसीसेट कशात ठेवणार, आणि मॅनेजमेंट क्लास नसेल तर कॉपीग्रुप कोणाला जोडणार? यातल्या चौथ्या पायरीवर काही चुकले, तर आधीच्या तीन पायऱ्यांचा कोणालाही उपयोग नाही. उलट अर्धे बांधलेले डोमेन यादीत दिसत राहते आणि ते वापरण्याजोगे आहे असा पुढच्या माणसाचा समज होतो. इथे एकच ‘कमिट’ असावा, आणि तो सगळ्यांत शेवटी. शेवटची सक्रिय करण्याची कमांड खात्री विचारते, आणि ‘नोकन्फर्म’ पर्याय देऊन तो प्रश्न टाळता येतो. पण नव्या डोमेनखेरीज इतर कुठल्याही ठिकाणी मी तो टाळत नाही.

कॉपीग्रुपमध्ये चार आकडे असतात आणि ते या सर्व प्रणालीचे मर्म आहेत. फाइल यंत्रावर अस्तित्वात असेपर्यंत तिच्या किती आवृत्त्या ठेवायच्या, ती यंत्रावरून पुसली गेल्यावर किती ठेवायच्या, जादा आवृत्त्या किती दिवस राखायच्या आणि पुसलेल्या फाइलची अखेरची आवृत्ती किती दिवस राखायची. काही न सांगितल्यास हे आकडे अनुक्रमे २, १, ३० आणि ६० असे धरले जातात. मॅक्रोत हे आकडे नेहमी स्पष्ट लिहावेत, आपल्याला तेच हवे असले तरीही. न लिहिलेला आकडा विचारपूर्वक स्वीकारला होता की लिहायचा राहून गेला, हे नंतर फाइल वाचणाऱ्याला कळण्याचा कोणताच मार्ग नसतो.

याच चार आकड्यांवरून ‘रोलबॅक’ची मर्यादाही दिसते. समजा आवृत्त्यांची संख्या १४ वरून ४ वर आणायचा मॅक्रो आहे. कॉपीग्रुप बदलला तरी पॉलिसीसेट सक्रिय करेपर्यंत काहीच घडत नाही. सक्रिय केला आणि ‘कमिट’ झाला, तरीही जुन्या आवृत्त्या त्याच क्षणी जात नाहीत. त्या जातात ‘एक्स्पायर इन्व्हेंटरी’ची, म्हणजे नको झालेल्या आवृत्त्या काढण्याची, प्रक्रिया चालली की, आणि ती बहुतेक ठिकाणी रोज ठरलेल्या वेळी चालते. म्हणजे मॅक्रोतल्या ‘कमिट’च्या पलीकडे आणखी एक न परतण्याची जागा आहे आणि ती मॅक्रोच्या फाइलमध्ये कुठेही दिसत नाही. राखण्याची मुदत कमी करणारा कोणताही मॅक्रो मी दिवसाच्या सुरुवातीला, त्या दिवशीची ती प्रक्रिया थांबवून ठेवून चालवते, आणि दुसऱ्या एखाद्या सहकाऱ्याने आकडे वाचल्यावरच ती पुन्हा सुरू करते.

‘रोलबॅक’ मॅक्रो तपासण्यासाठी अतिशय उपयुक्त आहे. नवा मॅक्रो लिहिला की त्यातले सगळे ‘कमिट’ काढून शेवटच्या ओळीवर ‘रोलबॅक’ घालायचा आणि तो चालवायचा. व्याकरण चुकले असेल, एखादे नाव अस्तित्वात नसेल, क्रम उलटा असेल, तर सर्व्हर ते सांगतो. सगळे नीट असेल तर बदल होतात आणि लगेच मागे घेतले जातात. परंतु ही सुरक्षितता डेटाबेसमधल्या नोंदींपुरतीच आहे. ज्या कमांडी सर्व्हरवर पार्श्वभूमीत प्रक्रिया सुरू करतात, त्यांचे काम ‘रोलबॅक’ने थांबत नाही, आणि ‘सेटऑप्ट’ कमांडने बदललेला सर्व्हरचा पर्यायही मागे घेता येत नाही. फाइलस्पेस (नोडच्या डिस्कचा साठवलेला बॅकअप) पुसणारी कमांड असलेला मॅक्रो ‘शेवटी रोलबॅक आहेच’ म्हणून चालवून पाहणे हे फार धोक्याचे आहे. अशा कमांडी असलेला मॅक्रो फक्त वाचून तपासायचा, चालवून नाही.

मॅक्रो हातानेच लिहावा लागतो असेही नाही, आणि या विषयातला मला सर्वाधिक आवडणारा भाग हाच आहे. सर्व्हरचा डेटाबेस ‘सिलेक्ट’ने विचारता येतो, आणि ‘सिलेक्ट’मध्ये स्थिर मजकूर व स्तंभाची मूल्ये जोडता येतात. ‘अपडेट नोड’ हे शब्द, त्यापुढे नोड्स टेबलमधले नोडचे नाव, आणि त्यापुढे हवा तो पॅरामीटर, अशी जुळणी करून उत्तर फाइलमध्ये वळवले, तर प्रत्येक नोडसाठी एक तयार कमांड असलेली फाइल मिळते. तीच फाइल मॅक्रो म्हणून चालवायची. उत्तरात स्तंभांची शीर्षके येऊ नयेत म्हणून ‘डेटाओन्ली’ पर्याय द्यायचा. तक्त्याच्या रूपात दाखवताना लांब मजकूर स्तंभाच्या रुंदीनुसार दोन-तीन ओळींत मोडतो, आणि मोडलेली कमांड ही कमांड राहत नाही, म्हणून टॅबने विभागलेल्या स्वरूपात उत्तर मागायचे.

अशा तऱ्हेने एकदा मी जुने नोड काढून टाकण्यासाठी फाइल तयार केली. निकष होता की ज्यांनी १८० दिवसांत सर्व्हरशी संपर्कच केला नाही ते नोड. ३१ ओळींची फाइल तयार झाली. ती चालवण्यापूर्वी मी छापून घेतली आणि नावे एकेक करून वाचत गेले, आणि एकोणिसाव्या ओळीवर थांबले. ते यंत्र दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले होते. त्यावर लेखा विभागाची जुनी प्रणाली होती, आणि तिचा डेटा लेखापरीक्षणासाठी राखायचा म्हणूनच तो नोड सर्व्हरवर मुद्दाम ठेवलेला होता. यंत्र गेल्यावर सर्व्हरशी संपर्क कोण करणार? माझा निकष निरुपयोगी नोड शोधत होता, पण ‘संपर्क नाही’ आणि ‘गरज नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या डेटाची जगात दुसरी प्रत नव्हती. ‘सिलेक्ट’मधून निघालेली फाइल तयार होताच चालवण्याचा मोह फार असतो, कारण ती यंत्राने लिहिलेली असल्यामुळे निर्दोष वाटते. तिच्या ओळी निर्दोष असतात. निकष मात्र आपलाच असतो.

काही जण विचारतात की सर्व्हरमध्ये साठवलेल्या स्क्रिप्ट असताना मॅक्रो कशाला हवेत. दोन्हींचे काम वेगळे आहे. सर्व्हरची स्क्रिप्ट त्याच्या डेटाबेसमध्ये राहते, तिच्यात आधीच्या कमांडचा परतावा, म्हणजे ती यशस्वी झाली की नाही हे सांगणारा आकडा, पाहून वाट बदलता येते, आणि ती शेड्यूलवर लावता येते. ‘मॅक्रो’ ही कमांड मात्र सर्व्हरच्या शेड्यूलवर लावता येत नाही. मॅक्रो प्रशासकाच्या यंत्रावरची फाइल असते. रोज त्याच वेळी चालायचे काम स्क्रिप्टचे. एकदाच करायचे, मोठे, आणि कोणीतरी समोर बसून बघायला हवे असे काम मॅक्रोचे. फाइल असल्यामुळे मॅक्रो गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) ठेवता येतो, कालची आणि आजची आवृत्ती शेजारी ठेवून पाहता येते आणि चालवण्यापूर्वी दुसऱ्याला वाचायला देता येतो.

बदल करणाऱ्या मॅक्रोत मी माहिती विचारणाऱ्या कमांड घालत नाही. काहीच सापडले नाही, तरी सर्व्हर यशाचा शून्य न देता परतावा म्हणून ११ देतो. निव्वळ विचारपूस करणारी ओळ बदलाच्या व्यवहारात मिसळू नये, म्हणून मी दोन फाइली करते: एक काम करणारी, दुसरी काम झाल्यावर विचारून खात्री करणारी. त्या ४० यंत्रांच्या वेळी ही दुसरी फाइल असती, तर रिकामी रात्र टळली असती.

आता तिसरी फाइलही असते. नोडचे डोमेन, संपर्क किंवा इतर काही मोठ्या संख्येने बदलायचे असेल, तेव्हा बदलाची फाइल बनवण्याआधी त्याच ‘सिलेक्ट’च्या जुळणीने सध्याची मूल्ये घालून ‘अपडेट नोड’ची एक फाइल बनवते. ती चालवली की सगळे पूर्वस्थितीला येते. ‘कमिट’नंतर ‘रोलबॅक’ काम करत नाही, तेव्हा हीच फाइल उपयोगी पडते. तिच्या पहिल्या शेऱ्यात ती कोणत्या मॅक्रोच्या विरुद्ध आहे, कोणत्या तारखेला आणि कोणाच्या सांगण्यावरून बनवली हे लिहिलेले असते, आणि दोन्ही फाइलींची नावे शेवटच्या शब्दाखेरीज सारखी असतात, म्हणजे फोल्डरमध्ये त्या एकमेकींच्या शेजारीच दिसतात.